जोडातलं एक पोवळं

"अरे हळू! कवटी आहे ती, कलिंगड नव्हे!" मी खड्ड्यातल्या माणसावर ओरडले.

"आजी, जन्म गेला माझा हाडं काढण्यात," तो म्हणाला. "आणि तुमचा नवरा चांगला सुकलाय. ओला निघाला असता तर परत पुरावा लागला असता."

"ओला कशाला निघेल? आयुष्यभर जेवताना पाणी प्यायला तो. दारू तुझ्यासारख्यांसाठी सोडली."

माझा मुलगा अनिएल्लो पांढरी चादर घेऊन शेजारी उभा होता. डाव्या हातात. उजव्या हाताची बोटं त्याला मिटत नाहीत.

आमच्याकडे मेलेल्याला जमीन उसनीच मिळते. दोन वर्षांनी त्याला वर काढायचं, हाडं स्पिरिटनं धुवायची, चादरीत बांधून भिंतीतल्या कप्प्यात ठेवायची. धुण्याचं काम घरच्या बाईचं. मी बाह्या वर सारल्या आणि गुडघ्यांवर बसले.

कवटीमागोमाग मनगटाची हाडं आली. कफ कुजून गेला होता, पण मी घातलेला काळा दोरा तसाच होता. त्या दोऱ्याची गोष्ट सांगायची तर माझ्या नवऱ्याची, साबातीनोची, सांगायला हवी.

आमच्या रेझिना गावातल्या जुन्या कपड्यांच्या बाजारात साबातीनो गठ्ठे फोडायचा. अमेरिकेतून, जर्मनीतून बांधून येतात ते. लोखंडी आकड्यानं पट्टी तोडायची, कोट एकीकडे, शर्ट एकीकडे. पुरुष मरतो, बायको घाईघाईनं त्याचे शर्ट विकून टाकते, आणि कफलिंक कधीकधी कफातच राहून जातात. साबातीनो प्रत्येक कफावरून अंगठा फिरवायचा. सापडलेल्यातला बहुतेक पत्राच असायचा, पण त्याला त्याचंही कौतुक. घरी बिस्किटांच्या डब्यात कापूस घालून त्यानं सगळे जोड ठेवले होते. एकेकटं राहिलेलं बटणसुद्धा टाकत नसे. म्हणे, "याचा जोडीदार कुठल्या तरी गठ्ठ्यात असेलच."

दर रविवारी वेगळा जोड घालून तो चौकात फिरायचा. इस्त्रीचा शर्ट, कफ कोटाच्या बाहेर दोन बोटं ओढलेले. मी म्हणायची, "मेलेल्यांची बटणं घालून मिरवतोस, लाज नाही वाटत?"

"अगं, त्यांनाच फिरवून आणतो. घरच्यांनी विकून टाकलं बिचाऱ्यांना. रविवार कोण देणार?"

असा माणूस. दुसरं काही नाव घेण्यासारखं त्यानं केलं नाही. माझ्यावर हात उचलला नाही, कुणाशी भांडला नाही. भांडणं माझ्याकडे होती.

पोवळ्याचा जोड त्याला अमेरिकेच्या गठ्ठ्यात मिळाला. प्रत्येकाच्या दोन्ही टोकांना लालभडक मणी, मध्ये सोन्याची बारीक साखळी. काम आमच्या शेजारच्या, पोवळी घडवणाऱ्या तोर्रे गावचं, आंधळाही ओळखेल. कुणी तरी इथून घालून बोटीत चढला असणार, आणि तिकडे मेल्यावर गठ्ठ्यातून घरी परत आला.

त्या रविवारी डॉन कातेल्लो चौकात कॉफी पीत बसला होता. बाजारातला प्रत्येक गठ्ठा त्याला विचारून फुटायचा. मुलाचं लग्न तोंडावर आलेलं.

"साबाती, हात दाखव," तो म्हणाला. "वा! माझ्या पोराला शोभतील. काढ."

"विकायचे नाहीत, डॉन."

"विकत कोण घेतंय? आहेर समज."

साबातीनोनं कफ नीट केले आणि अगदी नम्रपणे म्हणाला, "आज नको. आज ते फिरायला निघालेत."

आजूबाजूचे हसले. न्हावी हसला, पाद्री हसला, डॉन कातेल्लोचा भाचा नांदोसुद्धा हसला. त्या हसण्यानं माझा नवरा मेला. नाही म्हटलेलं डॉननं एक वेळ सोडलं असतं.

सोमवारी साबातीनोनं तोच जोड घातला. गठ्ठे फोडायला! मी म्हटलं, "डोकं फिरलंय का तुझं? काढून ठेव."

"काढले तर घाबरलो असं होईल ना, नुन्झिया."

डॉन आणि त्याची माणसं दुपारच्या आधीच आली. त्याला गठ्ठ्यावर आडवा केला. मी आकडा उचलला तर नांदोनं मागून माझे केस मुठीत धरले. मी त्याचा अंगठा दातांत पकडला आणि हाड लागेपर्यंत सोडला नाही. डॉन कातेल्लोनं स्वतः उजवा कफ धरून टरकावला. एक पोवळं त्याच्या हातात आलं. साबातीनो पालथा वळला, डावा हात तोंडाखाली दुमडून. त्याला उलथवला तेव्हा डावा कफ उघडा होता.

"दुसरं कुठाय?"

साबातीनो बोलेना. मग लाथा. पोटात, बरगड्यांत, परत पोटात. काटकी मोडावी तसा आवाज आला, एकदा नाही, पुन्हा पुन्हा. पण त्यानं तोंड उघडलं नाही. मला त्याचाच संताप आला. मी किंचाळले, "अरे, ओरड तरी!" बाजारात सगळे आपापल्या शर्टांच्या घड्या घालत होते.

गठ्ठे ओढायच्या हातगाडीवर घालून आम्ही त्याला घरी आणलं. वाटभर तो दोन बोटांनी छातीखाली ठोकत होता.

"कळलं रे, दुखतंय," मी म्हटलं.

त्यानं मान हलवली, नाही म्हणून. परत ठोकलं. संध्याकाळची घंटा व्हायच्या आत गेला. डॉक्टरनं कागदावर हृदय लिहिलं. बरगड्या लिहिल्या नाहीत.

शेवटचे कपडे मीच चढवले. डब्यातला कुठलाही जोड घालता आला असता, पण कुत्री हुंगायला येणार हे मला ठाऊक होतं. मी दोन्ही कफ काळ्या दोऱ्यानं शिवले. डॉन कातेल्लो आला, काळी टाय लावून. प्रेताच्या कपाळाचं चुंबन घेतलं आणि वाकल्यावाकल्या बाही वर सरकवली.

"दोरा आहे," मी म्हटलं. "दुसरीकडेही दोराच आहे. बघायचंय?"

"बाई, मी दुःखात सामील व्हायला आलोय."

"झालास ना? चल, नीघ."

त्याला एकट्या पोवळ्याचा काही उपयोग नव्हता. पोराचं लग्न मोत्याची बटणं लावून उरकावं लागलं, आणि चौकात पुन्हा कुणी तरी हसलं. मग त्यांनी आमचं घर उचकटलं, गाद्या फाडल्या, डबा पळवला. तरीही मिळेना तेव्हा अनिएल्लोची बोटं दुकानाच्या शटरखाली धरली आणि शटर ओढलं. आम्ही खरंच सांगत होतो की ठाऊक नाही. खरं बोलणाऱ्याला मार जास्त बसतो.

"आजी," खड्ड्यातला माणूस म्हणाला, "हे काय? कण्याला चिकटलंय."

मातीचा खडा वाटला. मी तो स्पिरिटमध्ये बुडवला, अंगठ्यानं चोळला. साखळी पिवळी झाली. मग दोन मणी. लाली उतरून फिकट गुलाबी पडलेले.

त्या दिवशी हातगाडीवर त्याची दोन बोटं छातीखाली ठोकत होती.

अनिएल्लो आधी रडला आणि मग म्हणाला, "आई, देऊन टाक त्याला. संपव एकदाचं. माझी पोरं लहान आहेत अजून."

"तुझ्या बापानं गिळलं ते मी ओकू?"

"मग कप्प्यात ठेव त्याच्याबरोबर. पण गप्प बस. हात जोडतो."

त्याला हात जोडतासुद्धा येत नाहीत नीट. मी हाडं धुतली, चादर बांधली, कप्पा बंद करवून घेतला. पोवळं कप्प्यात ठेवलं नाही.

रविवारी मी काळा झगा घातला. त्याच्या बाह्यांची बटणं कापून टाकली आणि कफांना काजं केली. उजव्या कफात पोवळं घातलं. डावा तसाच उघडा ठेवला. पिशवीत गठ्ठे फोडायचा आकडा टाकला. अनिएल्लो दार अडवून उभा होता. "बाजूला हो," मी म्हटलं, "तुला जन्म दिलाय मी, दाराला नाही." तो झाला बाजूला. आणि मग माझ्या मागून चालू लागला.

डॉन कातेल्लो त्याच टेबलावर होता. मी समोर उभी राहिले आणि हात टेबलावर ठेवला, मनगट वर करून.

"हे शोधत होतास ना? त्याच्या पोटात होतं. तू लाथा मारत होतास, त्याच्याच खाली."

नांदो उठला. अंगठ्यावर माझ्या दातांची खूण अजून आहे त्याच्या. न्हाव्यानं वस्तरा थांबवला. मी पिशवीचं तोंड सैल केलं.

डॉन कातेल्लो पोवळ्याकडे बघत राहिला. मग माझ्या उघड्या बाहीकडे. त्याच्या कपात साखर विरघळून केव्हाच संपली होती, तरी तो ढवळतच होता.

"बस खाली, नांदो," तो म्हणाला.

या वेळी कुणी हसलं नाही.

मी हात उचलला, कफ दोन बोटं बाहेर ओढला आणि चौकाच्या त्या टोकापर्यंत गेले. तिथून वळले. साबातीनो नेहमी चर्चच्या पायरीपाशी वळायचा, मीही तिथेच वळले. डावी बाही वाऱ्यानं फडफडत होती. अनिएल्लोनं ती न मिटणाऱ्या बोटांनी माझ्या मनगटावर दाबून धरली, आणि आम्ही हळूहळू परत चालत आलो.