भिडेपोटी वर झालेले हात

आपल्या मंडळांच्या, सोसायट्यांच्या सभा कशा होतात, हे काय कुणाला सांगायला हवं? सतरंजी अंथरली जाते, अध्यक्ष खुर्चीत बसतात, "मग हीच कार्यकारिणी पुढे चालू ठेवायची ना?" असं विचारतात, मागून कुणीतरी "मंजूर, मंजूर" म्हणतं आणि चहा येतो. सुरतेच्या भेस्तान भागातल्या खान्देशी रहिवासी मंडळात नऊ वर्षं असंच चाललं होतं. त्यात कुणाला काही वावगं वाटलं नव्हतं. अध्यक्ष भाईदासआप्पांना तर मुळीच नाही.

आणि का वाटावं? आप्पा सरळ माणूस. लूमच्या कारखान्यात मास्तर, म्हणजे बिघडलेले माग दुरुस्त करणारे. मंडळासाठी जागा मिळवायला सरकारी कचेऱ्यांच्या पायऱ्या त्यांनीच झिजवल्या होत्या. दोन वर्षांपूर्वी, चौऱ्याण्णव साली, प्लेगची हाकाटी झाली आणि माणसं गाड्या भरभरून गावाकडे पळाली, तेव्हा आप्पा मागे राहिले. मागे राहिलेल्या घरांना त्यांनी दारोदार गोळ्या पोचवल्या, हातात फावडं घेऊन गल्लीतली गटारं उपसली. अशा माणसापुढे उभं राहायचं म्हणजे आपलीच मान खाली जायची.

तरी त्या वर्षी उज्ज्वला उभी राहिली.

उज्ज्वला भटूची बायको. भटू लूमवर रात्रपाळी करायचा. बारा तास माग चालवून सकाळी घरी यावं, तर एका खोलीत तीन मुलं, स्टोव्हचा आवाज, शेजारचा रेडिओ. झोप कुठली? चैत्रात एके दिवशी पहाटे मागावरच त्याचा डोळा लागला आणि उजव्या हाताची दोन बोटं गेली. त्याच्या जखमेला महिनाभर मलमपट्टी केली ती आप्पांच्या बायकोनं, मंगलाबाईंनी. भटू पुन्हा कामावर गेला, पण उज्ज्वलाच्या डोक्यातून ती गोष्ट जाईना. मंडळाचं सभागृह गणपतीचे दहा दिवस आणि लग्नाचे दिवस सोडले तर वर्षभर कुलूपबंद असायचं. ते दिवसा उघडावं, रात्रपाळीच्या माणसांना तिथं निवांत झोपू द्यावं, एवढंच तिचं म्हणणं. आप्पांना ते पटत नव्हतं. जिथं गणपती बसतो तिथं माणसं बनियनवर लोळणार, विड्या ओढणार, हे त्यांना कसंतरीच वाटे. दोनदा अर्ज देऊनही काही झालं नाही, तेव्हा तिनं अध्यक्षपदासाठीच नाव दिलं.

सभा सुट्टीच्या दिवशी भरली. नेहमीप्रमाणे आप्पा अध्यक्षाच्या खुर्चीत बसले. मंडळाच्या नियमात तसं लिहिलंच होतं. आधी ते स्वतः बोलले. जागेची कथा, प्लेगचे दिवस, गटारं, सगळं सांगता सांगता अर्धा तास गेला. मग त्यांनी उज्ज्वलाला बोलायला पाच मिनिटं दिली आणि पाच मिनिटं होताच टेबलावरची घंटा वाजवली. यात लबाडी नव्हती. सभा वेळेत संपवणं हे अध्यक्षाचं कामच, असं त्यांना मनापासून वाटत होतं.

मग हात वर करायला सांगितले. चिटणीस गोपाळ मोजायला लागला. आप्पा खुर्चीवरून उठून एकेका रांगेकडे पाहत होते. एखादा हात अर्धवट वर दिसला की त्या माणसाचं नाव घेऊन हसत म्हणत होते, "नीट वर कर रे, मोजता येत नाही." आप्पांना एक्केचाळीस हात पडले. उज्ज्वलाला किती पडावेत? तिलाही एक्केचाळीस! सभागृहात कुजबुज सुरू झाली. गोपाळनं नियमांची वही उघडून वाचून दाखवलं, की मतं समान झाली तर अध्यक्षांचं मत निर्णायक. आप्पांनी आपलं मत स्वतःला दिलं. हार आला, पेढे आले. उज्ज्वला उठून पुढे आली आणि "अभिनंदन आप्पा" म्हणून पाया पडली. ती भांडली असती तर आप्पांना बरं वाटलं असतं.

तो पेढा आप्पांच्या घशाखाली काही नीट उतरला नाही. कारखान्यात माग खोलून बसले तरी त्यांना तीच सभा दिसे. त्यातही एक गोष्ट सलत होती. काशिनाथभाऊंनी कुणासाठीच हात वर केला नव्हता. काशिनाथ म्हणजे आप्पांना सुरतेत आणून लूमवर लावणारे, आता थकून घरी बसलेले गृहस्थ. शेवटी चौथ्या दिवशी पाळी सुटल्यावर आप्पा त्यांच्या ओट्यावर जाऊन बसले आणि सरळ विचारलं, "काशिनाथभाऊ, मला नाही तर निदान तिला तरी मत द्यायचं. गप्प का बसलात?"

काशिनाथभाऊ सुपारी कातरत होते. ते म्हणाले, "मला निवडणूकच दिसली नाही, तर मत कुठं टाकू?"

आप्पांना राग आला. आपण एका शब्दानं खोटं बोललो नाही, एक हात चुकीचा मोजला नाही, सगळं नियमानं केलं, असं त्यांनी तावातावानं सांगितलं. काशिनाथभाऊंनी सगळं ऐकून घेतलं आणि मग सुरतेजवळच्या कडोदऱ्याची आठवण काढली. पंधरा वर्षांपूर्वी तिथल्या एका कारखान्यात मालकाच्या भावानं आप्पांवर सुताची रिळं चोरल्याचा आळ घेतला होता. चौकशी बसली, ती घ्यायला खुर्चीवर तोच भाऊ.

"तेव्हा तू काय म्हणाला होतास? आठवतं?"

आप्पांना चांगलं आठवत होतं.

"मी सांगतो. तू म्हणालास, हा माणूस खरा की खोटा ते देव जाणे, पण ज्याचं भांडण तोच न्यायाला बसला तर मी उत्तरच देणार नाही. चालू पगारावर लाथ मारून आलास तू. मला तेव्हा तुझा अभिमान वाटला होता, भाईदास."

"पण त्याच्या मनात पाप होतं. माझ्या मनात काय पाप आहे?"

"नाही ना, तीच तर पंचाईत. लबाड माणूस खुर्चीवर असला तर लोक सावध असतात, उठून ओरडतात तरी. तू चांगला आहेस. तुझे उपकार आहेत लोकांवर. तू डोळ्यांत डोळे घालून पाहिलंस की हात आपोआप वर होतो. त्याला मत म्हणत नाहीत, भीड म्हणतात."

आप्पा म्हणाले, एक्केचाळीस माणसं काही सगळीच भिडस्त नसतात. काशिनाथभाऊंनी अडकित्ता खाली ठेवला. "सगळ्यांचं मला ठाऊक नाही. तू घरी जा आणि घरातल्या एका हाताला विचार. फक्त रागावणार नाहीस असं आधी कबूल कर."

आप्पा घरी आले. मंगलाबाई भाकरी थापत होत्या. आप्पांनी विषय काढला तशा त्या टाळू लागल्या, पीठ संपत आलंय, गावाकडून पत्र आलंय, असं काहीबाही बोलू लागल्या. आप्पा तिथंच पाटावर बसले आणि म्हणाले, "मी रागावणार नाही. खरं सांग."

मंगलाबाईंचे पिठाचे हात परातीतच थांबले. त्या घरच्या बोलीत म्हणाल्या, "हात मन्हा व्हता. मन नव्हतं."

मग त्या एकेक सांगत गेल्या. भटूची पट्टी बदलताना तो झोपेसाठी लहान पोरासारखा रडायचा, ते त्यांनी पाहिलं होतं. उज्ज्वलाचं म्हणणं त्यांना पहिल्या दिवसापासून पटलं होतं. पण भर सभेत, सगळ्यांच्या देखत, खुर्चीवरून नवरा आपल्याकडे बघतो आहे, तेव्हा कुठली बाई हात खाली ठेवेल? आप्पांनी मनात हिशेब केला. हा एक हात वर झाला नसता तर बरोबरी झालीच नसती. त्या निर्णायक मताची वेळच आली नसती. ज्या मंडळाचे आपण अध्यक्ष म्हणवतो, तिथं आपल्या बायकोलाही मनासारखा हात वर करता आला नाही! त्या रात्री आप्पा भाकरी खाऊन सरळ अंथरुणावर पडले. मंगलाबाई घाबरल्या. सकाळी मात्र कामावर जाताना ते म्हणाले, "बरं केलंस सांगितलंस," तेव्हा त्यांना पदरानं डोळे टिपावे लागले.

पुढच्या सुट्टीला आप्पांनी पुन्हा सभा बोलावली. लोकांना वाटलं, सत्काराची असेल. आप्पा उभे राहिले आणि म्हणाले, "गेल्या वेळी मी उमेदवार होतो आणि पंचही मीच होतो. नियमात बसत होतं, म्हणून मला ते दिसलं नाही. ती निवडणूक मी मानत नाही. आज पुन्हा घेऊ, आणि खुर्चीवर काशिनाथभाऊ बसतील." एवढं बोलून ते खाली आले आणि भटूशेजारी सतरंजीवर बसले. गोपाळ म्हणाला की असं करायची नियमात सोय नाही. "मग नियम बदलू," आप्पा म्हणाले, "पण आधी खुर्ची बदलू."

काशिनाथभाऊंनी दोघांनाही दहा-दहा मिनिटं दिली. निम्म्याहून अधिक सभासदांना लिहिता येत नव्हतं, म्हणून चिठ्ठ्यांऐवजी दाणे घेतले. आप्पांचा हरभरा, उज्ज्वलाची ज्वारी. प्रत्येकाला दोन्हींचा एकेक दाणा मिळाला. कोपऱ्यात चादर बांधून आड केलेल्या जागी जायचं, हवा तो दाणा मडक्यात टाकायचा आणि उरलेला शेजारच्या पोत्यात. बायका एकेक करून आत जात होत्या आणि बाहेर येताना काहींच्या चेहऱ्यावर हसू होतं. मंडळाच्या सभेत पहिल्यांदाच त्यांच्याकडे कुणी बघत नव्हतं.

मडकं सतरंजीवर पालथं केलं. ज्वारीचे दाणे बावन्न, हरभरे एकतीस.

आप्पांना वाईट वाटलं नाही असं म्हटलं तर ते खोटं होईल. नऊ वर्षं ज्या माणसांसाठी झिजलो त्यांनी पाठ फिरवली, असंच त्यांच्या मनात आलं. पण मग त्यांची नजर त्या वेगळ्या काढलेल्या हरभऱ्यांवर गेली. चादरीआड कुणी पाहत नसताना, कसलीही भीड नसताना, एकतीस माणसांनी त्यांनाच निवडलं होतं. गेल्या सभेतले एक्केचाळीस हात कुणाचे होते ते देव जाणे, ही एकतीस मात्र खरोखर त्यांची होती. त्यांनी उठून सभागृहाची किल्ली उज्ज्वलाच्या हातात दिली आणि म्हणाले, "विड्या ओढू देऊ नकोस तेवढं बघ." सगळे हसले. उज्ज्वलाही हसली, आणि तिनं त्यांनाच कार्यकारिणीत राहण्याची गळ घातली.

घरी परतताना मंगलाबाई दोन पावलं मागे चालत होत्या. आपण मडक्यात कुठला दाणा टाकला हे आता विचारतील, याची त्या वाट पाहत होत्या. आप्पांनी विचारलं नाही. त्या दिवशीच नाही, नंतरही कधी नाही.

वाचकहो, आपल्या गल्लीतल्या मंडळात, सोसायटीत, पतपेढीत उद्या निवडणूक होईल. उमेदवार असलेला माणूस अध्यक्षाच्या खुर्चीत बसलेला दिसला, तर त्याला नम्रपणे उठायला सांगा. आणि खुर्चीत तुम्हीच असाल तर कुणी सांगायची वाट पाहू नका. तुम्ही कितीही सचोटीचे असाल, तरी समोरच्याला मोकळेपणानं "नाही" म्हणता आलं नाही, तर त्याच्या "हो"ला काय किंमत?