चार जागा आणि एक लाल बॅग

घरात तिला सगळे कॅप्टन म्हणत. विमान चालवायची म्हणून नव्हे हो. विमानात तर बिचारी शेवटच्या रांगेत, संडासाच्या दाराशी बसायची. पण घरात तिचा हुकूम चाले आणि महिन्यातले निम्मे दिवस ती हवेत असे, म्हणून नवऱ्याने हे नाव ठेवलं आणि ते चिकटलं. तिचं काम लिफ्ट तपासायचं. या शहरातून त्या शहरात जायचं, दोर बघायचे, ब्रेक बघायचे आणि शेवटी लोखंडी ठोकळ्यांनी पूर्ण वजन भरून लिफ्ट वरखाली फिरवायची. एखादा मालक लाडीगोडी लावायचा, "मॅडम, अर्ध्या वजनावर मस्त चालतेय की! करून टाका पास." कॅप्टनचं उत्तर ठरलेलं असे, "का? अर्धीच माणसं घरी पोचवायची आहेत?"

या फिरतीचे मैल विमान कंपनी तिच्या खात्यात टाकायची; पुरेसे साठले की त्यांवर फुकट तिकीट मिळे. कॅप्टनने त्यातला एक मैलही कधी खर्च केला नव्हता. वर्षानुवर्षं नुसती साठवत होती, आणि कशासाठी ते सगळ्यांना ठाऊक होतं. सासूबाईंची थोरली बहीण युरोपात राहायची. पूर्वी ती दोन-तीन वर्षांनी एकदा येऊन जायची. मग गुडघे गेले, मग हृदयाने कुरकुर सुरू केली, आणि डॉक्टरांनी बजावलं की विमानाचं नाव काढायचं नाही. आता भेट व्हायची तर इकडूनच कुणीतरी उठून जायला हवं होतं.

आणि आई, म्हणजे सासूबाई, तर जन्मात कुठे गेल्या नव्हत्या. आधी टेलिफोन एक्सचेंजमधली नोकरी, मग सासऱ्यांचं आजारपण, मग नात. कॅप्टन बॅग उचलून निघाली की बिट्टीची शाळा, बिट्टीचा ताप, बिट्टीचे रुसवेफुगवे, सगळं आईंच्या गळ्यात. "उडते मी, पण मैल तुमचे आहेत," असं कॅप्टन त्यांना म्हणायची. "हो का? मग दे की पिशवीत भरून," म्हणून आई तो विषय उडवून लावायच्या.

दर रविवारी दुपारी दोघी बहिणींचा फोन व्हायचा. गप्पा दर वेळी नव्या, पण शेवट मात्र तोच.

"ठेव आता."

"आधी तू ठेव."

"मोठी कोण? मी. तू ठेव."

असं करत आणखी पाव तास. आईंचा मुलगा, म्हणजे कॅप्टनचा नवरा, चष्म्याचं दुकान चालवायचा. तो डोक्याला हात लावून म्हणायचा, "कुणीतरी ठेवा गं बायांनो! माझ्या गिऱ्हाइकाचा फोन यायचाय!"

तर अशाच एका रविवारी सकाळी कॅप्टन लॅपटॉप उघडून बसली होती, आणि एकदम खुर्चीतून उडालीच. "मिळाल्या! चारही मिळाल्या!"

सुट्टीच्या दिवसांत, एकाच विमानात, मैलांवर चार जागा! कित्येक महिने ती हेच शोधत होती. कधी दोन दिसायच्या, कधी तीन, कधी जाताना चार आणि येताना एकही नाही. आज जाता-येता दोन्हीकडे चार होत्या. तिने लगेच त्या राखून ठेवल्या. संध्याकाळपर्यंत मैल भरायचे, नाहीतर जागा सुटणार. मग तिने खातं उघडलं, आणि तिचा चेहरा उतरला.

"हे काय? यात तिघांपुरतेच आहेत!"

चष्मेवाल्याचा कप ओठांशीच थांबला. "ते... मी तुला सांगणारच होतो."

"काय सांगणार होतास?"

"बॅगा घेतल्या. तीन. कंपनीच्या त्या वेबसाइटवर मैलांत मिळत होत्या. आपल्या जुन्या बॅगेची चेन दाताने ओढावी लागते गं. म्हटलं, तुला सरप्राइज देऊ. फुकट तर मिळतायत!"

"फुकट? अरे, प्रवासाला बॅग आणायला गेलास आणि प्रवासच देऊन आलास! धन्य आहेस बाबा!"

बिट्टी खो खो हसली, पण कॅप्टनचं तोंड बघून तिने हसू गिळलं. चौथं तिकीट विकत घ्यावं म्हटलं, तर सुट्टीतला भाव बघून चष्मेवाल्याने स्वतःचा चष्माच काढून ठेवला. नको ते बघणं, म्हणाला.

आई टेबलाशी मटार सोलत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. "त्यात काय एवढं? तुम्ही तिघं जाऊन या. मला नाहीतरी तिकडची थंडी सोसायची नाही."

"आजी जाणार, मी राहते," बिट्टी म्हणाली.

"मीच राहतो. उपद्व्याप माझा आहे," चष्मेवाला म्हणाला.

"कुणी राहायचं नाही!" कॅप्टनने टेबलावर हात आपटला तसे मटार उडाले. "जायचं तर चौघांनी. माझ्याकडे अर्ध्या वजनावर काही पास होत नाही. कुठे आहेत त्या बॅगा? परत करू."

बॅगा माळ्यावर लपवलेल्या होत्या. चष्मेवाला शिडी लावून चढला. दोन छोट्या बॅगा त्याने अलगद खाली दिल्या. तिसरी, सगळ्यांत मोठी, लाल, जागची हलेना. "हिच्यात दगड भरलेत की काय कुणी?"

आईंचे हात थांबले. "ती राहू दे रे," त्या घाईघाईने म्हणाल्या.

पण तोवर बॅग खाली आली होती आणि बिट्टीने चेनही ओढली होती. आत तळाला प्लॅस्टिकचा कागद, अस्तर मळू नये म्हणून पसरलेला. त्यावर हाताने विणलेलं जाडजूड ब्लँकेट, लोकरी मोजे, कोट, कागदाचे बोळे भरून ठेवलेले नवे बूट. थोरलीच्या आवडीच्या साबणाच्या वड्या. आणि मधोमध, टॉवेलात गुंडाळून, दोन वेण्यांतल्या दोन मुलींचा जुना फोटो. मोठीने धाकटीचा हात घट्ट धरलेला.



"आई, हे कधी भरलंत?" कॅप्टनने विचारलं.

"जाळी काढायला चढले होते, तेव्हा दिसली. रिकामीच होती. म्हटलं, बघावं मावतंय का." आईंनी मटारची एक शेंग उगाच उलटसुलट केली. "महिना झाला असेल."

"आणि मघाशी म्हणालात थंडी सोसणार नाही!"

"मग मोजे कशाला भरलेत?" आई म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज फुटला.

कॅप्टनला रडू आलं. तिने लपवलं नाही. ही बाई महिनाभर माळ्यावर चढून बहिणीच्या घरी जायची तयारी करत होती, आणि आज एका शब्दात सगळं सोडून द्यायला निघाली होती. कॅप्टनला स्वतःचाच राग आला, नवऱ्याचा आला, विमान कंपनीचा तर सगळ्यांत जास्त आला.

"बाबा, बघा! बॅगेचं लेबल तसंच आहे!" बिट्टी ओरडली. खरंच, मुठीवरचं प्लॅस्टिक, चाकांवरचे कागद, कंपनीचं लेबल, सगळं जसंच्या तसं होतं.

"दुसऱ्याने आणलेली वस्तू. विचारल्याशिवाय कशी फाडायची?" आई म्हणाल्या.

कॅप्टनने विमान कंपनीला फोन लावला. पलीकडच्या मुलीने गोड आवाजात सांगितलं की लेबल असेल तर बॅगा परत घेतात. मैल मात्र सहा आठवड्यांनी जमा होतील.

"सहा आठवडे? बॅगा काय पायी चालत येणार आहेत तुमच्याकडे? माझ्या जागा आज संध्याकाळी सुटतील!"

"मी तुमची अडचण समजू शकते, मॅडम."

"काय समजता हो तुम्ही? कप्पाळ!"

"दे इकडे," आई म्हणाल्या. त्यांनी हात पुसले, फोन टेबलावर स्पीकरवर ठेवला आणि ताठ बसल्या. नोकरी सुटून किती वर्षं झाली, पण तो आवाज कुठे गेला नव्हता.

"नमस्कार, बाळ. किती स्पष्ट बोलतेस गं! सकाळपासून खुर्चीतच आहेस ना? पाणी प्यायलीस का?"

पलीकडची मुलगी गडबडली. "नाही अजून."

"आधी पी. मी लाइनवर आहे."

घोट घेतल्याचा आवाज आला. बिट्टीने तोंडावर हात धरला.

"आता ऐक. हे तुझ्या हातात नाही, ते मला ठाऊक आहे. मीही त्याच खुर्चीत बसून म्हातारी झालेय. ज्याच्या हातात आहे त्याला जोड. पण तू मधून जाऊ नकोस. माझं सगळं तुला माहीत आहे, तूच सांग त्यांना." आणि सुनेकडे वळून हळूच म्हणाल्या, "आमच्या एक्सचेंजची रीतच होती. कॉल पुढे दिला तरी बोलणं सुरू होईपर्यंत आपण लाइन सोडायची नाही. सोडली की माणूस लोंबकळतो."

मग वाजायला लागलं ते मेलं संगीत. तीच धून, पुन्हा पुन्हा. चष्मेवाला येरझारा घालू लागला. आईंनी शांतपणे राहिलेले मटार सोलायला घेतले. बॅगा परत घेणारे म्हणाले, हे जागावाल्यांना विचारा. जागावाले म्हणाले, बॅगावाल्यांना विचारा.

"बाळ," आई म्हणाल्या, "दोघांनाही एकाच लाइनवर घे की. एकमेकांकडे बोटं दाखवतायत ना? समोरासमोर दाखवू देत."

त्या मुलीने खरोखर घेतलं! दोघांची बोटं लगेच खाली आली. थोड्या वेळाने कुणी मोठ्या मॅडम आल्या. त्यांनी सगळं ऐकलं आणि म्हणाल्या, विमानतळावरच्या आमच्या काउंटरवर बॅगा आजच आणून द्या, त्यांनी नोंद केली की मैल मी लगेच टाकते.

मग काय विचारता! ब्लँकेट पलंगावर, बूट खुर्चीवर, बॅगा गाडीत. चौघंही गेली, मागे राहायला कुणी तयार होईना. काउंटरवरच्या माणसाने लाल बॅग फिरवून फिरवून बघितली, उघडली, आत नाक घातलं. "यात काही ठेवलं होतं का?"

कॅप्टनने आईंकडे बघितलं.

"साबण ठेवला होता, भाऊ," आई म्हणाल्या. "वासाचे जादा मैल मागत नाही आम्ही."

तो हसला. लेबल बघितलं, आतलं कोरं अस्तर बघितलं, आणि नोंद करून टाकली. कॅप्टनच्या मोबाइलवर आकडा फिरला. तिने बटण दाबलं. चार नावं एकाखाली एक उमटली, आणि तिने अशी काही आरोळी ठोकली की अख्खी रांग वळून बघायला लागली. चष्मेवाल्याने आईला उचलूनच घेतलं. "अरे मेल्या, पाडशील!" आई ओरडत होत्या आणि हसत होत्या. तेवढ्यात फोन वाजला. तीच मुलगी होती.

"आजी, मिळाल्या ना जागा?"

"मिळाल्या, बाळ! चारही! तू लाइन सोडली नाहीस म्हणून मिळाल्या."

सुट्टी लागल्यावर चौघं गेली ती जुन्याच बॅगा घेऊन, तुटक्या चेनवर सुतळी बांधून. थोरलीची इमारत जुनी, लिफ्ट अरुंद. आतल्या पाटीवर लिहिलं होतं, चार माणसं. कॅप्टन पाटी वाचून स्वतःशीच हसली. बॅगा खाली ठेवून चौघं आत शिरली. एरवी दोराचा आवाज कान देऊन ऐकणारी ती बाई, पण त्या दिवशी तिला दोर आठवलाही नाही. ती आईंकडे बघत होती. आईंनी ब्लँकेट छातीशी धरलं होतं.

दार उघडलं. समोर वॉकर धरून थोरली उभी होती. पिकलेले केस, वाकलेली पाठ. आई दोन पावलं पुढे गेल्या, ब्लँकेट खाली पडलं, आणि दोघी एकमेकींच्या गळ्यात पडल्या. बराच वेळ नुसते हुंदके आणि हसणं.

"सोड आता, पडेन मी," थोरली म्हणाली.

"आधी तू सोड."

"मोठी कोण? मी. तू सोड."

कुणीच सोडलं नाही. मागे लिफ्टचं दार मिटायला बघत होतं. कॅप्टनने त्यात पाय आडवा घातला आणि तशीच उभी राहिली.