भिवाजींचा थर्मास

मोटारसायकल धाडकन पडली असती तर बरं झालं असतं. कोणी हसलं नसतं. चार माणसं धावली असती, कोणी पाणी आणलं असतं. पण ती सावकाश पडली. आधी थांबली, मग डावीकडे कलली, आणि भिवाजींनी हँडल घट्ट धरून ठेवल्यामुळे त्यांनाही बरोबर घेऊन सौंसरच्या बाजारात, सकाळी अकरा वाजता, कवडूच्या चहाच्या टपरीसमोर आडवी झाली.

पांढुर्ण्याच्या स्टेशनापासून पंचवीस मैल ते तिच्यावर बसून धड आले होते. वाटेतले नाले, बैलगाड्यांच्या चाकोऱ्या, सगळं पार केलं आणि चहा प्यायला थांबले तेव्हा पडले. जमीन तिथे जराशी उतरती होती. टेकवायला म्हणून त्यांनी डावा पाय काढला, तो जमिनीला पोचलाच नाही. भिवाजी मुळात बुटके. गाडी लढाईतली, मिलिटरीने लिलावात काढलेली, चार-पाच मणांची. अशा वेळी माणसाने सोडून द्यावी आणि बाजूला व्हावं. पण गाडी सरकारी, म्हणून त्यांनी सोडली नाही. दातओठ खात तिला वर ओढत ते हळूहळू खाली गेले.

आणि मी ओरडलो, "भिवाजी, बैल बसला वाटते! शेपूट पिरगाळा!"

सगळा बाजार हसला. संत्र्यांच्या ढिगांमागे बसलेल्या बायांनी तोंडाला पदर लावले. पलीकडून कोणीतरी "पिरगाळा, पिरगाळा!" म्हणून साथ दिली. माझा आवाज पहिल्यापासून मोठा. तीस-चाळीस पोरांचा वर्ग रोज सांभाळणाऱ्या मास्तराचा असतो तसा.

मला त्या दिवशी कोणावर तरी हसायचंच होतं. मार्च सत्तावन्नची गोष्ट. पाच महिन्यांपूर्वी राज्यांच्या वाटण्या झाल्या होत्या. नागपूर मुंबई राज्यात गेलं आणि आम्ही मध्य प्रदेशात राहिलो. माझं शिक्षण, भाऊ, सासुरवाडी, सगळं नागपूरला. मला तिकडच्या शाळेत घ्या असा अर्ज मी केला होता, तो त्याच सकाळी नामंजूर होऊन परत आला होता. माझा राग निघाला तो भिवाजींवर. त्यांचा त्यात काय गुन्हा?

भिवाजी देवीची लस टोचायचे. वीस वर्षं सायकलवरून गावोगाव फिरले. डॉक्टर नव्हते, पण बाया त्यांना डॉक्टरच म्हणत. आमच्या भागातल्या निम्म्या लेकरांच्या दंडावर त्यांच्या हातची खूण होती. नव्या राज्यात नवे साहेब आले, त्यांनी मोटारसायकल दाखवून विचारलं, "चलाना आता है?" नाही म्हटलं तर फिरतीवर दुसऱ्या माणसाला नेमतील या भीतीने भिवाजी म्हणाले, "आता है." मग दवाखान्याच्या मागच्या मैदानात चार संध्याकाळी त्यांनी ती घिरट्या घालून शिकून घेतली. त्याही आम्ही पाहिल्या होत्या.

कवडूने आणि आणखी तिघांनी मिळून गाडी उभी केली. भिवाजींचा पायजमा गुडघ्यावर फाटला होता आणि रक्त येत होतं. ते स्वतःचा गुडघा सोडून गाडीची धूळ झटकत होते. वर न पाहता म्हणत होते, "काही नाही, काही नाही झालं."

गाडीच्या मागे बांधलेला थर्मास सुटून घरंगळत टपरीच्या पायरीपाशी गेला होता. त्यात बर्फ, आणि बर्फात लसीच्या नळ्या. कवडूने तो उचलला आणि कानाशी नेऊन हलवला.

"डॉक्टर, हा वाजून राहिला ना जी. आतला काच गेला वाटते. खोलून पाहा."

भिवाजींनी एकदा थर्मासकडे पाहिलं, मग आमच्याकडे. आम्ही अजून हसत होतो. तो थर्मास तिथे उघडायचा म्हणजे खाली बसायचं, नळ्या एकेक काढून बघायच्या, आणि तोवर आमच्यासमोर राहायचं. आणखी दहा मिनिटं.

"द्या इकडे," ते म्हणाले. "वाजू द्या."

त्यांनी तो बांधला, किक मारली आणि चहा न पिताच निघून गेले. मागून पोरं ओरडली, "शेपूट पिरगाळा!" मी तेव्हा कवडूकडून दुसरा चहा घेतला.

दहाव्या दिवशी संध्याकाळी भिवाजी माझ्या घरी आले. चालत आले होते. प्रेमलताने, माझ्या बायकोने, पाणी दिलं, ते त्यांनी हातातच धरून ठेवलं. मला वाटलं, बाजारातल्या बोलण्याचा जाब विचारायला आले असतील. मी आधीच म्हणून टाकलं, "भिवाजी, त्या दिवशी सहज गंमत केली हो."

"ते जाऊ द्या गुरुजी. एक अर्ज लिहून द्या. वरच्या ऑफिसात आता हिंदीत द्या लागते, आन् मले तेवढी येत नाही."

मग त्यांनी सांगितलं. त्या दिवशी ते बाजारातून थेट बोरपानीला गेले. जंगलाच्या कडेचं गाव, दीडशे घरांचं. मारुतीच्या पारावर बाया सकाळपासून लेकरं घेऊन बसल्या होत्या. थर्मास उघडला तर आत काचेचा चुरा, बर्फाचं पाणी झालेलं आणि नळ्या हाताला कोमट लागत होत्या.

"मग टोचलं कशाला?"

"बाया रोजी बुडवून बसल्या होत्या जी. संत्रातोडीची रोजी. आता मांगं पाठवू कशा? मले वाटलं, उठन एखांद्याची. सगळीच काही मेली नसन." त्यांनी हातातल्या पाण्याकडे पाहिलं. "एकाचीही नाही उठली. परवाच्या दिवशी पाहून आलो. ब्याऐंशी लेकरं. सगळ्यायचे दंड कोरे."

टोचल्यावर आठव्या दिवशी दंडावर फोड उठला तर लस लागली, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. नाही उठला तर लेकरू जसं होतं तसंच उघडं. आणि त्या वर्षी बैतूलकडच्या गावांत माता, म्हणजे देवी, आल्याची बातमी होती.

मी कागद घेतला. "बोला, काय लिहू?"

"लिहा का लस गेली. बोरपानीची सगळी लेकरं बाकी आहेत. नवीन लस लवकर पाठवा."

"कशाने गेली ते विचारतील. थर्मास फुटला हे लिहितो. म्हणजे लगेच धावतील."

"फुटला कसा, हे विचारतीन ना मग."

"पडला म्हणून."

"कोन पडला?" भिवाजी म्हणाले. त्यांनी पाण्याचा गिलास खाली ठेवला. "गुरुजी, सगळं लिहा, पन गाडीवरून पडलो हे नका लिहू. तेही उभ्या गाडीवरून. साहेब तो कागद सगळ्यायले वाचून दाखवतीन. तिथंही हसतीन."

राज्यं वेगळी होण्याआधी नागपूरहून सकाळच्या गाडीत ठेवलेली लस त्याच दिवशी पांढुर्ण्याला उतरायची. आता ती कुठून येणार आणि किती दिवसांनी, हे कोणालाच धड माहीत नव्हतं. नेहमीची मागणी नेहमीच्या रांगेत पडणार होती. अपघात झाला, थर्मास फुटला, गाव उघडं पडलं, असं स्वच्छ लिहिलं असतं तर वरच्या ऑफिसने आपल्याकडची लस देऊन दुसऱ्या दिवशी माणूस बसमध्ये बसवला असता. हे मला तेव्हाही कळत होतं. मी त्यांना ठणकावून सांगायला हवं होतं, "भिवाजी, हसू द्या हसले तर." पण ते मी कोणत्या तोंडाने सांगणार होतो? बाजारात पहिला हसलो तो मीच.

मी लिहिलं, "गर्मी के कारण." माझं अक्षर सुंदर आहे, सगळे म्हणतात. भिवाजींनी खाली सही केली आणि कागद चार घड्या करून खिशात ठेवला.

लस अर्ज दिल्यापासून सतराव्या दिवशी आली. त्याच्या चार दिवस आधी बोरपानीत पहिल्या लेकराला माता आल्या.

भिवाजी त्या गावात तेवीस दिवस राहिले. नवी लस आली तेव्हा जी लेकरं धडधाकट होती त्यांना टोचलं. बाकीच्यांजवळ बसून राहिले. कडुनिंबाचे डहाळे आणले, पाणी पाजलं, माश्या वारल्या. एकूण चौदा लेकरांना आल्या आणि सहा गेली. मी एकदाच गेलो, एका रविवारी. जयवंता नावाच्या बाईची तीन वर्षांची गिरजा आदल्या दिवशी गेली होती. भिवाजी तिच्या अंगणात मातीत बसले होते, दाढी वाढलेली, आणि मोठ्याने रडत होते.

"बाई, माझ्या हातची लस खराब होती," ते तिला सांगत होते. "माझ्या हातून फुटली."

जयवंता चुलीजवळून उठून आली. तिचे डोळे कोरडे होते. "डॉक्टर, तुमी काहून रडता? तुमच्या हातात काय होतं? मायच्या मनात आलं, घेऊन गेली." तिने त्यांच्यासमोर कपात काळा चहा ठेवला. "घ्या. सकाळपासून पोटात काही नाही तुमच्या."

ती त्यांना शिव्या देती तर त्यांना सोसलं असतं असं मला वाटतं. मला तरी सोसलं असतं. मी अंगणाच्या बाहेर उभा होतो, कोणी मला आत या म्हटलं नाही, आणि मीही गेलो नाही.

चौकशी झाली. कागदावर गर्मी होती, त्यामुळे कोणाचा दोष निघाला नाही. भिवाजींची नोकरी राहिली. मोटारसायकल दवाखान्याच्या आवारात कडुनिंबाखाली उभी राहिली ती राहिलीच. तिच्यावर ते पुन्हा बसले नाहीत आणि सायकललाही हात लावला नाही, कारण सायकलही पडते. थर्मास कापडी पिशवीत घालून छातीशी धरून ते पायी फिरू लागले. बोरपानीचं खरं कारण सौंसरात मला आणि कवडूला सोडून कोणाला माहीत नव्हतं. त्यामुळे पोरांनी त्यांना "शेपूट पिरगाळा" म्हणायचं थांबवलं नाही. मी वर्गात दोघांना छड्या मारल्या. पोरं म्हणाली, "गुरुजी, तुम्हीच तर म्हटलं होतं."

पुढच्या मार्चमध्ये ते आमच्या गल्लीत आले. माझी अलका तेव्हा सहा महिन्यांची होती. वर्षभरात आम्ही एकमेकांशी रामराम सोडून बोललो नव्हतो. गल्लीत सगळी दारं ओढून घेतलेली होती. बोरपानीनंतर बायांमध्ये कुजबुज होती की टोचलं तरी माता येतातच, मग लेकराला रडवायचं कशाला. भिवाजी माझ्या ओट्यावर टेकले. वर्षभरात फार वाळले होते. प्रेमलता अलकाला घेऊन दारात उभी राहिली, पण पुढे येईना.

भिवाजींनी पिशवीतून थर्मास काढला. झाकण उघडायच्या आधी तो माझ्या कानाशी आणला आणि हलवला.

"ऐका गुरुजी. वाजते काय?"

"नाही."

"नीट ऐका."

मी डोळे मिटून ऐकलं. आत बर्फाचे खडे एकमेकांवर सरकत होते, दबका आवाज. काच कुठे वाजत नव्हती. तरी मी त्यांना पुन्हा एकदा हलवायला सांगितलं.

"नाही वाजत, भिवाजी."

त्यांनी गल्लीतल्या बंद दारांकडे पाहिलं. बोलण्यात राग नव्हता, की टोमणाही नव्हता. "मंग जोरानं सांगा," ते म्हणाले. "तुमचा आवाज लय दूर जाते."

मी ओट्यावर उभा राहिलो. मी सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडून सांगितलं की थर्मास चांगला आहे, मी स्वतः ऐकून पाहिला, पहिली माझी अलका टोचून घेते आहे.

प्रेमलताने अलकाला माझ्या मांडीवर दिलं. भिवाजींनी तिचा दंड पुसला आणि नळी उजेडात धरून पाहिली. पलीकडे एक दार उघडलं.