पुस्तकात मेलेली घोडी

लेखिकाबाईंनी पुस्तकात आपल्या घोडीला जुन्या टपालवाटेवरच्या खिंडीत मारून टाकलं होतं. शेवट रडका असला की मुलं पुस्तक विसरत नाहीत, हा त्यांचा अनुभव. खरी घोडी ठणठणीत होती. तिच्याच पाठीवर बसून बाई त्या वाटेवरच्या टपालाच्या पडक्या चौक्या बघत, मुलांना पुस्तक वाचून दाखवायला शाळा पालथ्या घालत होत्या.

या शाळेपर्यंत मात्र ती लंगडत, घामाने निथळत आली. बाईंनी लगोलग जनावरांच्या डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी खूर तपासला आणि मान हलवली.

"आतलं हाड कुजलंय. आजच मोकळं करा हिला."

"औषध द्या! नाहीतर शिकलात कशाला?" बाई कडाडल्या. मग एकदम हात जोडून म्हणाल्या, "पाया पडते, निदान आठवडाभर तरी."

"आठवडा कुणासाठी? तिच्यासाठी की तुमच्यासाठी?"

शेवटी बाईंनी मान डोलावली. मुलं घरी गेली की तिला कायमचं झोपवणारं इंजेक्शन द्यायचं ठरलं.

शाळा सुटली तशी मुलं अंगणात धावली. दोन वेण्यांची एक चिमुरडी घोडीच्या कपाळावरचा पांढरा ठिपका निरखत राहिली. पुस्तकातल्या चित्रात अगदी तसाच होता.

"ही तर मेली होती ना? मी दोन दिवस धड जेवले नव्हते!"

"थाप मारली गं मी," बाई कशाबशा म्हणाल्या.

फाटकाशी डॉक्टर घड्याळ बघत उभे होते. पोरीने घोडीच्या मानेला घट्ट मिठी मारली आणि बाईंवर डोळे वटारले.

"आता नव्या पुस्तकात खरं काय ते लिहा."