पानात घातलेलं बोट

“सविताची दया मलाबी येती. पन दयेपायी शास्त्राला कात्री लावायची का?” सुहासनं विचारलं आणि सतरंजीवर बसलेल्या मंडळींनी माना डोलावल्या.

सोनईजवळच्या त्या लहानशा चर्चमध्ये बुधवारचा बायबल अभ्यास रंगात आला होता. सविताचा नवरा देवाला आणि बायकोला एकदमच रामराम ठोकून पुण्यात दुसरीबरोबर राहत होता. कोर्टातून काडीमोड मिळाल्यावर तिनं दुसरं लग्न केलं. आता तिला प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीचा पाव नि द्राक्षरस, द्यायचं की नाही, एवढाच वाद होता. नवरा सोडून दुसरं लग्न करणारी व्यभिचार करते, हे येशूचं वचन सुहास पुढं करत होता.

चर्चच्या पाळकसाहेबांची एक अट असे. समोरच्याचं म्हणणं आधी सरळपणे मांडायचं, त्यानं ‘व्हय’ म्हटलं की मगच खोडायचं. सविताची बाजू घेणाऱ्या बाईंचं म्हणणं सुहासनं मांडलं ते असं: “सत्यशीलाबाईंचं म्हननं, काळ बदलला, लिहिलेलं ऱ्हाऊ द्या बाजूला.”

खसखस पिकली.

“मी असं न्हाई म्हनले,” बाई म्हणाल्या. लहानपणी संडेस्कूलला त्यांनीच त्याला शिकवलं होतं. “एक वचन एकटं वाचू नये, दुसरं साक्षीला घ्यावं. सोडून गेलेल्या जोडीदाराबद्दल प्रेषित पौलानं पत्रात लिहिलंय. थांबा, काढते.”

डोळ्यांत मोतीबिंदू, त्यात बारीक टाईप. पानं नुसती फडफडत राहिली.

ते वचन सुहासच्या मांडीवरच्या बायबलात होतं आणि त्याचं बोट नेमकं त्याच पानात होतं. देवावर विश्वास न ठेवणारा जोडीदार निघून गेला, तर मागे राहिलेलं माणूस बांधलेलं नाही. घरून वाचूनच आला होता तो. सविताशी त्याचं वाकडं कधीच नव्हतं. पण जिंकायची हौस मोठी वाईट!

“सापडंना म्हंजी नसंल, बाई.”

पुन्हा हशा. हात वर झाले ते सुहासच्या बाजूनं: सविताला प्रभुभोजन नाही.

रविवारी प्रभुभोजन होतं. पावाचे तुकडे करायचे, इवल्या पेल्यांत द्राक्षरस भरायचा, हे काम वर्षानुवर्षं सविताचं. ते तिच्याकडून काढून घ्यायचं कुणाला सुचलंच नाही, आणि तिनंही ते मुकाट्यानं केलं. वाटपाचं तबक घेऊन सुहास तिच्या बाकाशी आला नि तिथंच थिजला.

“दादा, द्या हिकडं. मागं मानसं थांबलीत.” तिनं तबक घेतलं आणि स्वतः काही न उचलता तसंच शेजारणीकडे दिलं. सुहासला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

उपासना संपल्यावर त्यानं बाईंना बाहेर गाठलं. “बाई, हे बघा ते वचन.”

“घरी भिंग लावून काढलं मी. पुढं वाचायच्या पानात बोट घालून बसावं, हे तुला शिकवलं कुनी रे? मीच. बुधवारी तुजं बोट दिसत हुतं मला.”

त्याची मान खाली गेली. “मग तवाच का न्हाई बोलला तुमी, बाई?”

“वाटलं, उघडशील. शेवटपर्यंत वाटलं. आता मला काय दाखवतो? तिला दाखव.”

आत सविता पेले विसळत होती. सुहासनं उभ्यानंच वचन वाचलं. बुधवारी हे आपल्याला ठाऊक होतं, हेही त्यानं सांगून टाकलं. तिनं हातातला पेला पुसला, पालथा घातला.

“चांगलं वाचता तुमी, दादा,” ती म्हणाली. “बुधवारी समद्यांत वाचायचं हुतं.”

आणि तिनं पुढचा पेला उचलला.