दव न गोठलेली जमीन

रेलीनला कुणी काही शिकवायला गेलं की तिच्या कपाळावर आठी पडायची, आणि शेजारच्या नेव्हला शिकवल्यावाचून चैन पडायचं नाही. तीस वर्षं दोघांच्या अंगणांमध्ये एक तारेचं कुंपण होतं आणि त्या कुंपणावरून निम्मं बोलणं भांडणाचंच व्हायचं.

ऑस्ट्रेलियातल्या त्या गावात मे म्हणजे पानगळीचा महिना. तो लागला की उघड्यावर आग पेटवायची उन्हाळ्यातली बंदी उठायची आणि दरीतल्या घराघरांतून पाचोळ्याचा धूर निघायचा. रेलीनच्या अंगणात दोन एल्म, एक ओक आणि मागच्या बाजूला पॉप्लरची रांग होती. नगरपालिकेचा पाल्यापाचोळ्याचा हिरवा डबा एका सकाळीत भरून जाई. रंगलेली पानं बघायला मेलबर्नहून माणसं गाड्या भरून येत, फोटो काढून परत जात. झाडायला मेलं कुणी थांबत नसे.

अंगणाच्या मधोमध पाइनचा बुंधा होता. नवरा गेला त्या वर्षी तिनं झाड पाडून घेतलं होतं, बुंधा तेवढा राहिला होता. यंदा तिनं पाचोळ्याचा ढीग त्याच्यावरच रचला. पानांबरोबर बुंधाही जळून जाईल, असा तिचा हिशेब. नेव्ह गावच्या आग विझवणाऱ्या स्वयंसेवकांपैकी एक. तो लगेच कुंपणाशी आला.

“बुंध्यावर पेटवू नकोस गं,” तो म्हणाला. “आग मुळांत शिरते. वरून विझलेली दिसते आणि खाली महिनाभर धुमसत राहते.”

“तुमच्या पथकात सगळे तुझ्यासारखेच भित्रे आहेत का रे?”

नेव्ह हसला. पेटवलंसच तर विझवल्यावर खणून बघ आणि खोलवर पाणी सोड, एवढं बजावून तो गेला. रेलीननं ढीग पेटवलाच. जळून गेल्यावर पाव तास पाइप धरला, तिकडची सगळीच माणसं करतात तसा उलटा हात राखेवर टेकवला. राख गार होती. खणायचं मात्र राहिलं, कारण कंबर धरली होती, आणि खणलं असतं तर नेव्हचं ऐकल्यासारखं झालं असतं.

त्यानंतर दोन दिवसांनी तिचा मुलगा ब्रेंडन चार वर्षांच्या टिलीला आणून सोडून गेला. दुसरं बाळ यायचं होतं आणि सुनेला इस्पितळात पडून राहायला सांगितलं होतं. टिलीला चालणं म्हणून माहीत नव्हतं. ती सदा पळायची, आणि आजी दिसली की हात पसरून पायांत येऊन आदळायची. आठवडाभर ती त्याच अंगणात पाचोळा उधळत होती आणि रेलीन कौतुकानं बघत होती.

आग विझवल्यापासून दहाव्या दिवशी सकाळी कडक थंडी पडली. चहाचं पाणी ठेवता ठेवता रेलीननं खिडकीतून पाहिलं. दव गोठून सगळं अंगण पांढरं झालं होतं, पडलेली पिवळी पानंसुद्धा. फक्त जळालेल्या बुंध्यापासून चार-पाच काळसर पट्टे निघाले होते, कुणी ओल्या हाताची बोटं पसरून ठेवावीत तसे. तिथं दव गोठलंच नव्हतं. तिला आधी गंमत वाटली. मग सगळ्यांत लांब पट्टा कोंबड्यांच्या खुराड्यापर्यंत गेलेला दिसला. टिली लाल गमबूट घालून खुराड्याच्या दाराशी उभी होती. ती कधी बाहेर पडली ते रेलीनला कळलंही नव्हतं.

ती सपाता घालून पायरीखाली उतरली आणि जवळच्या पट्ट्याच्या कडेला वाकून तिनं हात टेकवला. जमीन कोमट होती. म्हणजे खाली मुळं अजून धुमसत होती. नेव्हच्या पथकातला एक जण अशाच जमिनीवर चालत गेला होता. वरचा पापुद्रा मोडला, पाय गुडघ्यापर्यंत निखाऱ्यात गेला, आणि वर्षभर त्याच्या मांडीची कातडी काढून पोटरीला लावत होते. तो सहा फुटी बाप्या होता. टिलीचं सगळं मिळून वजन ते किती.

“टिली, हलू नकोस!”

ओरडली आणि तिथंच तिला आपली चूक कळली. नॅन, म्हणजे आजी, आपल्यावर कधी ओरडत नाही, हे टिलीला पक्कं ठाऊक होतं. तिचा ओठ थरथरला, चेहरा रडवेला झाला, आणि रडू आलेलं पोर कुठं पळतं? आजीकडं. टिलीनं हात पसरले. मध्ये ते काळे पट्टे होते.

जीभ कशीबशी ताब्यात ठेवून रेलीन रोजच्या आवाजात म्हणाली, “अगं, रागावले नाही मी. मीच येते तुझ्याकडं. तू तिथंच थांब आणि कोंबड्या मोज बघू.”

“मोजल्या. सहा आहेत.”

“मग त्यांची नावं सांग. हळूहळू सांग, मला नीट ऐकू येत नाही.”

ती दाताळं उलटं धरून कुंपणाच्या कडेनं निघाली. दर पावलाला आधी दांडा जमिनीत रोवून बघायचा, मगच वजन टाकायचं. एरवी अर्ध्या मिनिटाची ती वाट संपता संपेना. चार कोंबड्यांची नावं सांगून झाली आणि टिलीला कंटाळा आला. तिनं एक बूट उचलून पट्ट्यावर धरला, नुसतं पाणी किती खोल आहे बघावं तसा. रेलीनला ओरडायचं होतं. तिनं ओरडणं गिळलं आणि पाचवीचं नाव काय गं, असं विचारलं. टिली विचारात पडली. बूट मागं आला. तेवढ्यात रेलीननं तिला पाठीमागून उचललं आणि इतकं घट्ट धरलं, की पोरगी दुखतंय म्हणून रडायला लागली.

रेलीननं कुंपणावरून हाक मारली, तसा नेव्ह पहार घेऊन आला. टिलीनं बूट धरला होता तिथं त्यानं पहार टेकवली, तर ती आपल्या वजनानंच हातभर आत गेली. त्यानं वरची माती उकरली. बोटभर जाडीचा थर होता आणि खाली लाल निखारा. आता हा काय वाटेल ते बोलणार, म्हणून रेलीन वाट बघत राहिली. पण नेव्हनं तिच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. तो पाणी ओतत राहिला, आणि तिला ते बोलण्यापेक्षा जास्त लागलं.

दुपारी तिनं ब्रेंडनला फोन केला. लपवलं असतं तर कुणाला कळणार होतं? तिनं सगळं सांगितलं. नेव्हनं बजावलं होतं तेही, आपण खणलं नाही तेही. तो एवढंच म्हणाला, “उद्या येतो तिला न्यायला.” आई असं तो म्हणाला नाही.

दुसऱ्या दिवशी टिलीची पिशवी गाडीत गेली. निरोप घ्यायला रेलीन फाटकाशी सिमेंटच्या वाटेवर गुडघे टेकून बसली आणि तिनं हात पसरले. टिली घराच्या दारातच उभी राहिली, बापाचं बोट धरून.

“नॅन, इथं पाय ठेवू?”

“ठेव की बाळा. हे सिमेंट आहे, घट्ट आहे. मी सांगते ना.”

टिलीनं बुटाच्या टोकानं सिमेंट दाबून पाहिलं. मग मान वर करून तिनं बापाला विचारलं, “डॅड, खरंच?”

ब्रेंडननं मान डोलावली, तेव्हा तिनं पाऊल टाकलं.