साडेपाच तासांचा फरक

मृणालीच्या नवऱ्याने, जीवनने, सेकंडहँड कॉम्प्युटर घेतला तेव्हा त्यात विंडोजखेरीज लिनक्स ही दुसरी प्रणालीही निघाली. जीवनला त्याचा पत्ता नव्हता, बायकोला होता. तो मांडव्याहून बोटीने मुंबईला कामाला गेला की ती लिनक्स उघडून अलिबागच्या एका ऑफिसच्या परीक्षेचा सराव करी. नोकरीचं नाव काढलं की तो म्हणे, "घरात काय कमी हाय?" त्यामुळे सगळा चोरीचा मामला. परीक्षा गुरुवारी अकराला, घरी ह्याच कॉम्प्युटरवर द्यायची.

पण घड्याळ चहाडखोर निघालं. लिनक्स कॉम्प्युटरच्या आत जागतिक वेळ ठेवी आणि विंडोज तीच भारताची समजून दाखवी. संध्याकाळी सातला जीवन विंडोज उघडी, तर दुपारचा दीड! त्याने नवा सेल घातला, तरी तेच. मंगळवारी तो वैतागला, "उद्या बरं झालं न्हाय तर मेकॅनिककडं टाकतो." मग गुरुवारची परीक्षा द्यायची कशावर?

विंडोजमध्ये वेळ बदलायला त्याचा पासवर्ड लागे. बुधवारी तिला उपाय सापडला. लिनक्सलाच सांगायचं, बाबा, तूही आत भारताचीच वेळ ठेव. तिने एक ओळ टाइप केली, भिंतीवरच्या घड्याळात बघून वेळ लावली आणि सुटलो एकदाचे म्हणत चहा टाकला.

संध्याकाळी जीवनने पडद्याकडे पाहिलं, मग मोबाइलकडे. "धा मिनटं पुढं हाय."

बोट चुकू नये म्हणून त्यांच्या घरातलं घड्याळ मुद्दाम दहा मिनिटं पुढे असे. कॉम्प्युटर आपोआप नेमका तेवढाच कसा पुढे जाईल? "ह्याला हात कुनी लावला गो?"

"मीच," ती म्हणाली. परीक्षेचं सांगायचं धैर्य मात्र झालं नाही.

ती बोलणी खायच्या तयारीत, आणि हा हसला! अगदी मनापासून खूश झाला. "मला जमलं न्हाय ते तू केलंस. आता आमच्या कामावरच्या पाळ्यांच्या याद्या तूच करीत जा. उद्या रजा टाकतो, बसून शिकवतो."

गुरुवारी तो आंघोळ करून तिच्या शेजारी स्टूल ओढून बसला. एकेक रकाना प्रेमाने समजावू लागला. मृणालीला रडू येत होतं, रागही येत होता, पण तो इतका गोड बोलत होता की भांडायला जागाच नव्हती. पडद्यावर अकरा वाजले; ती दहा मिनिटं जीवनने कालच मागे घेतली होती, आता मिनिटाचाही फरक नाही.

"इकडं लक्ष दे," जीवन म्हणाला. तिने यादीतलं पुढचं नाव टाइप केलं.